तहाने संपलेली लढाई

५ नोव्हेंबर २००३ रोजी लॉस एंजेलिसमध्ये सकाळचे सहा, न्यूयॉर्कमध्ये नऊ, लंडनमध्ये दुपारचे दोन, मॉस्कोत संध्याकाळचे पाच आणि टोकियोत रात्रीचे अकरा वाजले, तेव्हा दिल्लीच्या घड्याळात संध्याकाळचे साडेसात झाले होते. साठहून अधिक देशांत ‘द मॅट्रिक्स रिव्होल्यूशन्स’ हा चित्रपट एकाच वेळी झळकावा म्हणून ही घटिका मुक्रर केली होती. लाना आणि लिली वाचोव्स्की या भगिनींनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या विज्ञानकथेच्या चित्रत्रयीचा हा शेवटचा भाग. नकली प्रती बाजारात येण्याआधी सगळ्यांनी तो एकदमच पाहावा, हा या खटाटोपामागचा हेतू होता. उत्सुकता मोठी होती, तसा अपेक्षाभंगही मोठा झाला. सहाच महिन्यांपूर्वी आलेल्या ‘द मॅट्रिक्स रीलोडेड’ने अमेरिकेत पहिल्या शुक्रवार ते रविवारात सुमारे ९ कोटी डॉलर कमावले होते, तिसऱ्या भागाला त्याच तीन दिवसांत ५ कोटींचा टप्पाही गाठता आला नाही. जगभरची कमाई धरली तर दुसऱ्याची ७४ कोटी डॉलरच्या आसपास आणि तिसऱ्याची ४३ कोटींच्या आसपास भरते. रॉजर ईबर्टसारख्या नामांकित समीक्षकाने चारपैकी तीन तारे दिले खरे, पण बहुसंख्य समीक्षकांनी नाके मुरडली. पहिला भाग अजोड होता आणि शेवट फसला, हे मत तेव्हापासून जवळजवळ सिद्धान्तासारखे सांगितले जाते. या प्रकरणात मला दाखवायचे आहे ते हे की, चित्रपटाने ज्या प्रश्नाचे उत्तर दिले तो प्रश्न बाजूला ठेवून दुसऱ्याच प्रश्नावर त्याची परीक्षा घेतली गेली. प्रेक्षकाला विजय हवा होता. चित्रपटाने तह दिला. आणि त्या कथेला तहाखेरीज दुसरा प्रामाणिक शेवट शक्य नव्हता.

या चित्रत्रयीचा दिल्लीशी असलेला संबंध वरवरचा नाही. तिन्ही भागांच्या श्रेयनामावलीत वॉर्नर ब्रदर्सच्या बरोबरीने व्हिलेज रोडशो पिक्चर्स हे नाव येते. व्हिलेज रोडशो ही ऑस्ट्रेलियन कंपनी. वसंत विहारमधले प्रिया चित्रपटगृह चालवणाऱ्या अजय बिजली यांनी नव्वदच्या दशकाच्या मध्यात तिच्याशी भागीदारी केली आणि प्रिया व्हिलेज रोडशो, म्हणजेच पीव्हीआर, जन्माला आली. १९९७ मध्ये साकेतचे अनुपम चित्रपटगृह चार पडद्यांचे होऊन उघडले आणि देशातले पहिले मल्टिप्लेक्स म्हणून त्याची नोंद झाली. पुढे ऑस्ट्रेलियन कंपनी भागीदारीतून बाहेर पडली, पण आद्याक्षरे राहिली. मॅट्रिक्सच्या निर्मितीत पैसा घालणारा आणि दिल्लीला नव्या पद्धतीने चित्रपट पाहायला शिकवणारा उद्योगसमूह असा एकच होता. त्याच वर्षांत नॉयडा आणि गुडगावमध्ये काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि महरौली रस्त्यावर एकामागून एक मॉल उघडत होते. कॉल सेंटरमधली हजारो मुलेमुली रात्री अमेरिकेच्या घड्याळावर जगत होती, परकी नावे आणि परके उच्चार घेऊन फोनवर बोलत होती आणि उजाडल्यावर कंपनीच्या गाडीतून आपापल्या मूळ नावाकडे परतत होती. दिवसा थॉमस अँडरसन या नावाने कंपनीत मान मोडून काम करणारा आणि रात्री निओ या नावाने संगणकाच्या जाळ्यात शिरणारा नायक समजून घ्यायला या पिढीला तत्त्वज्ञानाच्या पदवीची गरज नव्हती.

पहिल्या भागाचा प्रश्न सोपा आणि जबरदस्त होता. आपण ज्याला जग म्हणतो ते खरे आहे का? उत्तर होते, नाही. यंत्रांनी माणसांना द्रवाने भरलेल्या कोषांत झोपवून ठेवले आहे, त्यांच्या शरीरातून ऊर्जा काढली जाते आहे आणि मनाला मॅट्रिक्स नावाचे संगणकीय स्वप्न दाखवले जाते आहे. काही मोजकी माणसे जागी होतात, झायन नावाच्या भूमिगत शहरातून लढतात आणि एका भविष्यवेत्तीच्या भाकिताप्रमाणे एक तारणहार येणार असतो. तो निओ. शेवटी त्याला आपल्या शक्तीचा साक्षात्कार होतो आणि तो आकाशात झेपावतो. संकलन, ध्वनी, ध्वनिपरिणाम आणि दृश्यपरिणाम अशी चार ऑस्कर या चित्रपटाला मिळाली आणि त्याने जगभर ४६ कोटी डॉलरच्या पुढे मजल मारली. त्याचा प्रभाव आकड्यांपलीकडचा होता. माया, स्वप्न, जागृती या कल्पना ज्या देशात कीर्तनाला बसलेल्या माणसालाही ओळखीच्या आहेत, तिथे ही कथा परकी वाटण्याचे कारण नव्हते. पण पहिल्या भागाने प्रश्नासोबत एक वचनही दिले होते : जागे व्हा, म्हणजे सुटाल. प्रेक्षक पुढची चार वर्षे या वचनाची पूर्तता मागत राहिला. तिसऱ्या भागावरचा राग समजून घ्यायचा तर त्या वचनाचे दुसऱ्या भागात काय झाले ते आधी पाहिले पाहिजे.

‘रीलोडेड’च्या शेवटाकडे निओ मॅट्रिक्सच्या रचनाकारासमोर उभा राहतो. पांढरी दाढी, पांढरा सूट, भोवती पडद्यांच्या भिंती आणि प्रत्येक पडद्यावर निओचाच चेहरा. रचनाकार त्याला सांगतो की, तू पहिला तारणहार नाहीस, तुझ्याआधी पाच झाले. झायन याआधीही उभे राहिले आणि पाडले गेले. ज्यांना स्वप्न पटत नाही अशी थोडी माणसे प्रत्येक फेरीत उरतातच. त्यांना बाहेर पडायला वाट द्यायची, त्यांना लढू द्यायचे, एक तारणहार द्यायचा आणि वेळ आली की सगळे पुसून पुन्हा सुरुवात करायची, अशी ही व्यवस्था आहे. थोडक्यात, बंडही यंत्रांच्या आराखड्यातच बसलेले आहे. या एका दृश्याने पहिल्या भागातले वचन मोडीत काढले. सुटकेची वाट जर तुरुंगाच्या नकाशातच दाखवलेली असेल, तर त्या वाटेने कितीही धावले तरी सुटका होत नाही. सहावा तारणहारही शूरपणे लढला असता तर सातव्याची सोय झाली असती. हे एकदा मान्य केले की तिसऱ्या भागासमोर ‘यंत्रांना कसे हरवायचे’ हा प्रश्न उरतच नाही. लढाईचे चक्र कसे थांबवायचे, हा प्रश्न उरतो. प्रेक्षागृहात बसलेला माणूस मात्र पहिल्याच प्रश्नाचे उत्तर मागत होता.

हा नवा प्रश्न तिसऱ्या भागात सुरुवातीलाच, एका शांत दृश्यात मांडला जातो. निओ एका रेल्वे स्थानकात अडकला आहे. स्वच्छ पांढऱ्या फरशा, रिकामे बाकडे, माणसांची चाहूल नाही. रुळांवरून तो बोगद्यात धावत सुटतो आणि समोरच्या बोगद्यातून त्याच स्थानकात परत येतो. तिथे त्याला एक भारतीय वळणाचे कुटुंब भेटते : वडील रामचंद्र, आई कमला आणि छोटी सती. तिघेही माणसे नाहीत, संगणकाच्या आज्ञावली आहेत. वडील यंत्रनगरीच्या ऊर्जाकेंद्राची एक व्यवस्था सांभाळतात, आई आज्ञावली रचते. मुलगी मात्र कोणत्याही कामासाठी घडवलेली नाही. यंत्रांच्या जगात ज्याला काम नाही त्याला पुसून टाकतात, म्हणून आईवडील तिला चोरवाटेने मॅट्रिक्समध्ये पोहोचवायला निघाले आहेत. आज्ञावलीच्या तोंडी प्रेमाची भाषा ऐकून निओ चकित होतो. बर्नार्ड व्हाइट या नटाने साकारलेला बाप त्याला शांतपणे समजावतो, प्रेम म्हणजे एक नाते आहे आणि त्या नात्यासाठी आपण काहीही द्यायला तयार आहोत. मग तो कर्माविषयी बोलतो, आपल्या वाट्याला आलेल्या कामाविषयी कृतज्ञता व्यक्त करतो. या दृश्यात एकही गोळी सुटत नाही. तरी निओच्या मनातली शत्रूची प्रतिमा इथेच बदलते. आतापर्यंत यंत्र म्हणजे काळा चष्मा घातलेला पहारेकरी एजंट किंवा सेंटिनेल नावाचे लोखंडी शेपट्यांचे शिकारी यंत्र. आता यंत्र म्हणजे आपले मूल वाचवू पाहणारे आईबापही. ज्याला हे दिसले त्याला समोरच्या पक्षाचा समूळ नाश मागता येत नाही. पुढची सगळी कथा या स्थानकातून निघते.

त्याहून मोठा पुरावा चित्रपटगृहाबाहेर होता. २००३ मध्येच ‘द ॲनिमॅट्रिक्स’ हा ॲनिमेशन लघुपटांचा संग्रह आला. त्यातल्या माहिरो माएदा दिग्दर्शित ‘द सेकंड रेनेसाँ’ या दोन भागांत युद्धाचा पूर्वेतिहास आहे. एका यंत्रमानवाला मोडीत काढायचे ठरते, तो स्वतःच्या जिवासाठी मालकाला मारतो आणि त्याच्यावर खटला चालतो. पुढे यंत्रांना हाकलून दिले जाते. ती आपले शहर वसवतात, उत्तम वस्तू बनवतात, व्यापारात माणसांना मागे टाकतात. मग त्यांचे प्रतिनिधी संयुक्त राष्ट्रांकडे सदस्यत्व मागायला जातात आणि अर्ज फेटाळला जातो. त्यानंतर युद्ध होते. यंत्रे सूर्याच्या ऊर्जेवर चालतात म्हणून माणसे आकाशच काळे करून टाकतात, आणि तरीही हरतात. म्हणजे या कथेतले पहिले पाप यंत्रांचे नाही. यंत्रे सलोख्याचा प्रस्ताव घेऊन आली होती आणि माणसांनी त्यांना दारातून परत पाठवले. हे लक्षात ठेवून ‘रिव्होल्यूशन्स’ पाहिला की त्याची बांधणी स्पष्ट होते. नाकारलेल्या तहाने सुरू झालेली गोष्ट स्वीकारलेल्या तहाने संपते. माणसांच्या वतीने एक जण यंत्रांच्या नगरीत जातो, शस्त्राशिवाय जातो आणि जे त्यांनी पूर्वी मागितले होते तेच आपण होऊन मागतो.

त्या प्रवासात एक क्षण असा येतो, जो दिल्लीत राहणाऱ्या प्रेक्षकाला दुसऱ्या कुणाहीपेक्षा जास्त लागावा. निओची दृष्टी गेली आहे. त्याची प्रेयसी आणि लढ्यातली सोबतीण ट्रिनिटी यान हाकते आहे. यंत्रांच्या माऱ्यातून निसटण्यासाठी ती यान सरळ वर नेते आणि काळ्या ढगांचा थर फोडून ते बाहेर येते. तिच्यासमोर सोनेरी उजेड आणि मोकळे आकाश. त्या पिढीतल्या कुठल्याही माणसाने सूर्य पाहिलेला नाही. काही सेकंदांत यान पुन्हा काळोखात कोसळते आणि ती मरते. दिवाळीच्या पुढेमागे राजधानीच्या परिसरावर धुराचे आणि धुक्याचे झाकण बसते, सूर्य फिकट चकतीसारखा दिसतो, शाळा बंद ठेवाव्या लागतात, ट्रकना शहराच्या वेशीवर अडवावे लागते. आपल्या उद्योगांनी आपलेच आकाश झाकता येते, हे इथे कल्पनेने समजून घ्यावे लागत नाही. आणि त्यावरचा उपाय कोणा एकाच्या विजयात नाही, हेही इथल्या माणसाला अनुभवाने कळलेले आहे. दिल्ली, हरियाणा, पंजाब, उत्तर प्रदेश आणि राजस्थान यांना एका हवेसाठी एकत्र बसवावे लागले, त्यासाठी वायुगुणवत्ता व्यवस्थापन आयोग कायद्याने उभा करावा लागला. सगळ्यांच्या डोक्यावर एकच आकाश असले की परस्परांना मान्य होतील अशा अटी शोधाव्याच लागतात. ट्रिनिटीला दिसलेला सूर्य हा चित्रपटाचा युक्तिवादच आहे : युद्धात दोन्ही बाजूंनी गमावलेली वस्तू ती हीच.

तह व्हायला दोन्ही पक्षांना गरज पडावी लागते. ती गरज निर्माण करतो एजंट स्मिथ. पहिल्या भागात तो व्यवस्थेचा पहारेकरी होता. निओने त्याला संपवले आणि तो व्यवस्थेच्या ताब्यातून सुटला. आता तो ज्याला हात लावतो तो स्मिथ होतो. तिसऱ्या भागाच्या अखेरीस संपूर्ण शहरात त्याच्याच चेहऱ्याची माणसे पावसात रांगा करून उभी आहेत. स्वतःच्या प्रती काढत सुटणारे यंत्र ही विज्ञानकथेतली जुनी भीती आहे आणि मराठी वाचकाला तिची ओळख जयंत नारळीकरांच्या ‘वामन परत न आला’ने कधीच करून दिली आहे. वाचोव्स्कींनी त्या भीतीला एक वळण दिले : बेफाम झालेले यंत्र माणसांइतकेच यंत्रांच्याही मुळावर उठते. निओ यंत्रांच्या प्रमुखाला हेच सांगतो, की स्मिथ तुमच्या हाताबाहेर गेला आहे, मी त्याला थांबवतो, बदल्यात युद्ध थांबवा. मग स्मिथशी प्रचंड लढाई होते. पहिल्या भागाचे गणित लागू असते तर निओ ती जिंकला असता. इथे तो लढणे सोडतो आणि स्मिथला स्वतःला गिळू देतो. त्याचे शरीर यंत्रनगरीशी जोडलेले असल्यामुळे यंत्रांना त्याच्यामार्फत स्मिथपर्यंत पोहोचता येते आणि सगळे स्मिथ फुटून जातात. या लढाईत डॉन डेव्हिसच्या वाद्यमेळावर गायकवृंद उपनिषदांतले संस्कृत मंत्र गातो. पुढे श्रेयनामावलीवर जूनो रिॲक्टरच्या साथीने येणाऱ्या रचनेत बृहदारण्यक उपनिषदातली प्रार्थना आहे, अंधारातून उजेडाकडे आणि मृत्यूतून अमृताकडे नेण्याचे मागणे. शत्रूच्या नाशाचे मागणे तीत नाही. ती निवड या शेवटाशी नेमकी जुळते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप कारागिरीचा आहे आणि तो बऱ्याच अंशी खरा आहे. झायनच्या गोदीतली लढाई फार लांबते. त्या काळात निओ, ट्रिनिटी आणि निओला जागे करणारा मॉर्फियस यांच्यापेक्षा कॅप्टन मिफुने, किड, झी अशी दुय्यम पात्रेच पडदा व्यापतात आणि ज्यांच्यात प्रेक्षकाचा जीव गुंतला आहे ती मंडळी बाजूला पडतात. निओची शक्ती मॅट्रिक्सच्या बाहेर, खऱ्या जगात कशी चालते, याचा खुलासा समाधानकारक नाही. कथेचे महत्त्वाचे दुवे ‘एन्टर द मॅट्रिक्स’ या व्हिडिओ गेममध्ये आणि लघुपटांत विखुरले गेले. तिकीट काढून फक्त चित्रपट पाहणाऱ्यावर हा अन्यायच होता. भविष्यवेत्तीचे काम करणाऱ्या ग्लोरिया फॉस्टर चित्रीकरण पुरे होण्याआधी, २००१ मध्ये वारल्या आणि त्यांच्या जागी मेरी ॲलिस आल्या. हा बदल कथेत बसवून घेतला असला तरी दोघींच्या अभिनयातला फरक जाणवतो. हे सगळे मान्य करूनही एक गोष्ट उरते. हे दोष मांडणीचे आहेत, शेवटाचे नाहीत. लढाई अर्ध्यावर आणली असती, निओच्या शक्तीचा खुलासा केला असता, तरी शेवटी तहच झाला असता आणि विजयाची वाट पाहणारा प्रेक्षक तेव्हाही हिरमुसला असता.

याला एक पडताळा त्याच हिवाळ्यात मिळाला. सहाच आठवड्यांनी, डिसेंबर २००३ मध्ये, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या अद्भुतकथेच्या त्रयीचा शेवटचा भाग आला. त्याने जगभर १०० कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला आणि ११ ऑस्कर मिळवली. तोही लांब होता, त्यातही लढाया संपता संपत नव्हत्या, त्यातही दुय्यम पात्रांची गर्दी होती. पण दोन गोष्टी वेगळ्या होत्या. त्या कथेचा शेवट टॉल्कीनच्या कादंबरीमुळे लाखो लोकांना जवळजवळ पन्नास वर्षे ठाऊक होता, त्यामुळे त्यावर कुणी आपापले शेवट रचून बसले नव्हते. आणि तिथे अंगठी नष्ट होते, दुष्टाचा बुरूज कोसळतो, राजाचा अभिषेक होतो; कोण जिंकले याविषयी शंका उरत नाही. लांबी आणि गर्दी हेच खरे दुखणे असते तर या चित्रपटालाही त्याचा फटका बसायला हवा होता. लोकांना लढाया नकोशा नव्हत्या. लढाईनंतर शत्रू उभाच राहतो, हे पचत नव्हते.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. हा कसला तह? कोट्यवधी माणसे अजून कोषांतच आहेत, यंत्रे त्यांच्याकडून ऊर्जा घेतच आहेत आणि ज्यांना बाहेर पडायचे असेल त्यांनाच सोडले जाईल, एवढेच तर पदरात पडले. गुलामीला मान्यता देऊन मिळवलेल्या शांततेला क्रांती कशी म्हणायची? या आक्षेपाला उत्तर देताना मराठी वाचकाला आपल्याच इतिहासाचा आधार घेता येतो. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगांसमोर शिवाजी महाराजांनी पुरंदरचा तह केला, तेव्हा २३ किल्ले द्यावे लागले आणि १२ उरले. त्या दिवशी तो तह कागदावर वाचणाऱ्याला तो पराभवच वाटला असता. पण त्याने फौज वाचली, रयत वाचली आणि राज्याचा गाभा टिकला. १६७० मध्ये कोंढाण्यापासून किल्ले परत यायला सुरुवात झाली. विषम तहाची किंमत त्याच्या कलमांवरून ठरत नाही, त्याने पुढे काय शक्य केले यावरून ठरते. निओचा तह झाला नसता तर झायनचा शेवटचा माणूसही मेला असता आणि सातवे चक्र सुरू झाले असते. तहामुळे पहिल्यांदाच असे झाले की जागे होण्याची मुभा हा यंत्रांच्या आराखड्यातला सापळा न राहता उभय पक्षांनी मान्य केलेला हक्क ठरला. हा शेवट पूर्ण न्यायाचा आहे असा माझा दावा नाही. बलाढ्य प्रतिपक्षासमोर पूर्ण न्याय एका दिवसात मिळत नाही, हे त्याने लपवले नाही, एवढेच त्याचे मोठेपण आहे. तो लपवून विजयाचा जल्लोष दाखवणे सोपे होते आणि खोटे होते.

तिसरा आक्षेप भारतीय वाचकाच्या तोंडून येणे स्वाभाविक आहे. रामचंद्र, कमला, सती ही नावे, कर्माची चर्चा, संस्कृत मंत्र, हे सगळे पाश्चात्त्य चित्रपटाने गूढतेसाठी लावलेले झिरमिळ्यांचे तोरण नाही का? हॉलिवूडचा इतिहास पाहता शंका रास्त आहे. दुसऱ्या भागात अशी सजावट पुष्कळ होती, हेही खरे. पण सजावटीची एक कसोटी आहे : ती काढून टाकली तर वस्तू तशीच राहते. सतीचे कुटुंब काढून पाहा. मग निओला यंत्रांशी बोलावेसे वाटण्याचे कारण राहत नाही, भविष्यवेत्तीने सांभाळलेली मुलगी राहत नाही आणि शेवटच्या दृश्यातला निओसाठी रंगवलेला सूर्योदयही राहत नाही, कारण तो सतीनेच केलेला आहे. ज्या मुलीला व्यवस्थेत काही काम नव्हते, तिनेच नव्या जगातली पहिली सुंदर गोष्ट घडवली. फळाचा हिशेब न मांडता केलेले कर्म ही आपल्याकडची ओळखीची कल्पना इथे कथेच्या सांध्यात बसली आहे. ती कुणी घेतली यापेक्षा ती नीट वापरली का, हे महत्त्वाचे, आणि इथे ती नीट वापरली आहे.

चौथा आक्षेप असा की, हा शेवटचा भाग मुळी शेवटचा राहिलाच नाही. डिसेंबर २०२१ मध्ये लाना वाचोव्स्कींनी ‘द मॅट्रिक्स रिझरेक्शन्स’ आणला आणि निओ व ट्रिनिटी परत आले. शेवट इतका पक्का होता, तर पुन्हा उघडायची वेळ का आली? त्या चौथ्या भागात काय दाखवले आहे ते पाहिले तर हा आक्षेप उलटतो. तिथे झायन उरलेले नाही. आयो नावाचे शहर आहे आणि त्यात माणसे आणि माणसांच्या बाजूला आलेली यंत्रे एकत्र राहतात, मिळून स्ट्रॉबेरी पिकवतात. तह कायम टिकला नाही, ऊर्जेच्या टंचाईवरून यंत्रांमध्येच फूट पडली, हेही सांगितले आहे. पण त्या फुटीतूनच मैत्री उगवली, आणि तहापूर्वी ती शक्य नव्हती. आणि या नव्या जगाची वाट दाखवणारी व्यक्ती कोण, तर मोठी झालेली सती. ही भूमिका प्रियंका चोप्रा जोनास यांनी केली. अठरा वर्षांनी स्वतः दिग्दर्शिकेला कथेचा धागा जिथे सापडला, तो त्या पांढऱ्या स्थानकावरच्या कुटुंबात होता. समीक्षकांनी जे दृश्य रेंगाळलेले म्हणून सोडून दिले, तेच कथेचे बीज होते.

२००३ मध्ये यंत्रांशी तह ही कल्पना दूरची वाटणे समजण्यासारखे होते. हातातला फोन तेव्हा मुख्यतः बोलण्यापुरता आणि छोट्या संदेशांपुरता होता. आज तिसऱ्या भागाचा प्रश्न दिल्लीच्या न्यायालयांत आणि सभागृहांत रोजच्या भाषेत विचारला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अभिनेते अनिल कपूर यांचा चेहरा, आवाज आणि लकबी यांची कृत्रिम बुद्धिमत्तेने परवानगीविना नक्कल करण्यास मनाई केली. दुसऱ्याच्या अंगावर आपला चेहरा चढवणारा स्मिथ आणि दुसऱ्याचा चेहरा उचलून हवे ते वदवून घेणारे तंत्र, यांत दिशा उलट असली तरी अपहरण तेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये भारत मंडपममध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या जागतिक भागीदारीची परिषद झाली आणि नवी दिल्ली जाहीरनामा निघाला. नोव्हेंबर २०२४ मध्ये एएनआय या वृत्तसंस्थेने ओपनएआयवर त्याच उच्च न्यायालयात दावा लावला. आपल्या बातम्या यंत्राला शिकवायला कोणत्या हक्काने वापरल्या, हा त्यातला मुद्दा. या तिन्ही ठिकाणी यंत्रे मोडून टाका असे कुणी म्हणत नाही आणि यंत्रांपुढे मान तुकवा असेही कुणी म्हणत नाही. कोणत्या अटींवर बरोबर राहायचे, कोणती रेघ ओलांडायची नाही, बाहेर पडू इच्छिणाऱ्याला दार उघडे ठेवायचे की नाही, यावर घासाघीस चालली आहे. पहिल्या भागातला प्रश्न, जग खरे की भास, आजच्या माणसाला थरारक वाटतो पण रोज छळत नाही. तिसऱ्या भागातला प्रश्न रोज छळतो.

यातून एक सर्वसाधारण गोष्ट निघते. त्रयीच्या शेवटच्या भागाकडून आपण बहुधा पहिल्या भागाची पुनरावृत्ती मागतो, फक्त अधिक मोठ्या आवाजात. पण कथा जर खरोखर वाढली असेल, तर तिचा प्रश्नही वाढलेला असतो आणि शेवटाने त्या वाढलेल्या प्रश्नालाच उत्तर दिले पाहिजे. शेवटच्या भागाची न्याय्य परीक्षा म्हणूनच अशी करावी : मधल्या भागांनी जे उघड केले ते त्याने मान्य केले का, आणि मान्य करून तो पुढे गेला का? ‘द मॅट्रिक्स रिव्होल्यूशन्स’ मांडणीत अडखळतो, पण या परीक्षेत उत्तीर्ण होतो. ज्या यंत्रांना आता परत पाठवता येणार नाही त्यांच्यासोबत जगण्याच्या अटी ठरवायची वेळ आपल्यावर आली आहे, तेव्हा त्याने दिलेले उत्तर पुन्हा तपासायला हवे. अटी मागण्याची हिंमत आणि समोरच्याचे ऐकण्याची तयारी, दोन्ही त्या उत्तरात आहेत, आणि यांतली एक जरी कमी पडली तरी तह होत नाही.